लाल पट्टीपर्यंत

“आधी तोंड पाण्यात घाल आणि श्वास सोड. घाबरायचं काय ते मागाहून निवांत बघू.”

सासऱ्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी हौदाच्या कडेला गेलं की सुनेच्या कानात हे वाक्य हटकून वाजायचं. आवाज भरदार, थोडा हसरा, आणि त्यामागे पाण्याचं डुचमळणं. सासऱ्यांनी अर्ध्या गल्लीला याच हौदात पोहायला शिकवलं होतं. समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, त्यांचे भित्रे यजमान, पेपर टाकणारा, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, शिवाय कोपऱ्यावरचा तपकिरी कुत्रा. कुत्रा आपला आपणच शिकला होता, पण सासरे त्याचंही श्रेय सोडायला तयार नव्हते. उरली होती एकटी घरची सून.

तिची भीती साधीसुधी नव्हती. अंघोळीला डोक्यावरून तांब्या ओततानाही ती नाक चिमटीत धरायची. चष्म्याच्या दुकानात ती कामाला होती. लोकांचे डोळे तपासायची, नंबर काढायची, आणि स्वतःला चष्मा असला तरी बारीकातलं बारीक अक्षर तिच्या नजरेतून सुटत नसे. घरामागच्या त्या निळ्या पाण्याकडे मात्र तिला धड बघवत नसे. बघितलं की तळ वर येतोय असं वाटायचं.

नावाला तो स्विमिंग पूल, पण घरात सगळे त्याला हौदच म्हणत. फार मोठा नव्हता. सासऱ्यांनी दोनचार हात मारले की पलीकडची भिंत यायची. एका टोकाला उतरायच्या रुंद पायऱ्या, पायऱ्यांना स्टीलचा कठडा, आणि कडेनं चौकोनी निळ्या फरशांची रांग. सासूबाई घरात पाय घसरून पडल्या, कंबरेचं हाड मोडलं, आणि डॉक्टरांनी रोज पाण्यात चालायला सांगितलं, तेव्हापासून त्या हौदाला नवंच काम लागलं. जमिनीवर काठी टेकत, दाराच्या चौकटी धरत चालणाऱ्या सासूबाई पाण्यात उतरल्या की शाळेला निघालेल्या मुलीसारख्या ताठ चालायच्या. काठी वर कठड्याला टांगलेली, आणि शेजारून सासरे. दोघं या टोकाकडून त्या टोकाला, त्या टोकाकडून या टोकाला.

शेवटच्या आजारपणात सासऱ्यांनी सुनेला जवळ बोलावलं होतं. बोलायला धाप लागत होती, म्हणून वाक्य छोटंच होतं. “तिला पाण्यात एकटी सोडू नकोस.”

“नाही सोडणार, बाबा,” ती म्हणाली. त्या वेळी दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतंच.

आणि तिनं शब्द पाळलाही. रोज उजाडताना सासूबाई हौदात उतरायच्या, आणि ही काठावर वेताची खुर्ची टाकून बसायची. मांडीवर टॉवेल, हातात विणकाम, आणि खुर्चीचं तोंड हळूच बागेकडे वळवलेलं. पाण्याचा आवाज येत राहिला म्हणजे सगळं ठीक, एवढा तिचा पहारा. वचन पाळलं जात होतं, फक्त कोरड्या पायांनी. तिला हे कळत नव्हतं असं नाही. पण सासूबाई काही बोलत नसत, कारण त्यांचं सकाळचं मौन असायचं. उठल्यापासून मनात देवाचं नाव घेत राहायचं, पाखरांना पाणी ठेवायचं, आणि मगच तोंड उघडायचं, चहा त्यानंतर. हा नेम त्यांनी लग्नाआधीपासून धरलेला होता. ताप असो की पाहुणे असोत, पाखरांचं पाणी भरल्याशिवाय त्यांनी स्वतः घोट घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मागच्या ओट्यावर त्यासाठी एक मातीचं पसरट परळ असायचं. अलीकडेच ते मांजरीनं पाडून फोडलं होतं, तेव्हापासून सध्या एक जुनी ताटली चालू होती, आणि ताटलीवर सासूबाई खूश नव्हत्या.

तर या अशा घरात हौदाचं पाणी कमी व्हायला लागलं.

पहिल्यांदा मास्तरांच्या लक्षात आलं. मास्तर म्हणजे सुनेचा नवरा. शाळेत भूगोल शिकवायचे, आणि घरातही त्यांना सगळे, त्यांची आई धरून, मास्तरच म्हणत. सासरे असताना पाणी नेहमी वरून तिसऱ्या फरशीच्या मधोमध असायचं. आता आठवडाभरात ते चौथ्या फरशीच्या खाली उतरायचं. मास्तर नळी लावून भरायचे, परत उतरायचं. त्यांनी पंप बघितला, झाकणं आवळली, एक वॉशर बदलला, आणि बायकोला म्हणाले की आता झालं काम. झालं नव्हतं. शाळेतून थकून आलेला माणूस, टाय सैल करून, दिवेलागणीला नळी धरून उभा. आधी ते गाणं गुणगुणायचे, मग नुसतेच उभे राहायला लागले.

शेवटी पाणबुड्यांना बोलावलं. हे गृहस्थ आजूबाजूच्या सगळ्या हौदांचे, टाक्यांचे डॉक्टर. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पोट सुटलेलं, मिशा ओल्या, आणि बोलणं कायम रुग्णाबद्दल बोलल्यासारखं. आल्या आल्या त्यांनी पंपाच्या खोलीत बोट फिरवून ते हुंगलं आणि इथं कोरडं ठणठणीत आहे म्हणाले. पाण्याचे नळ एकेक करून बंद केले, त्यांत हवेचा दाब भरला आणि दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत उकिडवे बसले. काटा हलला नाही, म्हणजे नळ शाबूत. मग डोळ्यांवर काच चढवून पाण्यात उतरले. हातात लाल रंगाची पिचकारी. जिथं भेग असते तिथं रंगाची रेघ आपोआप आत ओढली जाते, असं त्यांनी समजावून सांगितलं. दिव्याच्या खोबणीशी, पाणी ओढणाऱ्या जाळीशी, तळाच्या झाकणाशी त्यांनी रंग सोडला. रंग नुसता तरंगत राहिला, कुठंच जाईना.

“रुग्ण लबाड आहे,” पाणबुडे वर येऊन मिशा पिळत म्हणाले. “आता बादली.”

बादलीची गोष्ट अगदी सोपी होती. एक बादली घ्यायची, हौदाच्याच पाण्यानं भरायची, आणि दुसऱ्या पायरीवर ठेवायची, म्हणजे ती अर्धी पाण्यात उभी राहते. बादलीच्या आत पाणी जिथपर्यंत आहे तिथं एक पट्टी चिकटवायची, आणि बाहेरून हौदाचं पाणी जिथपर्यंत आहे तिथं दुसरी. ऊन दोघांना सारखं, वारा दोघांना सारखा. पाणी नुसतं वाळून जात असेल तर बादली आणि हौद बरोबरीनं खाली जातील. हौद जास्त खाली गेला तर समजायचं की पाणी कुठून तरी गळतंय. पाणबुड्यांनी खिशातून लाल चिकटपट्टी काढून दोन्हीकडे लावली. दुसऱ्या दिवशी याच वेळेला बघायचं, तोवर नळी लावायची नाही आणि कुणी धबाधब उड्या मारायच्या नाहीत, एवढं बजावलं.

उड्या मारणारं आता कोण होतं? सासूबाईंचं चालणं म्हणजे पाण्याला चाहूलही लागू न देणारं. त्यानं काही बिघडत नाही, पाणबुडे म्हणाले.

सासूबाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही, हे नवराबायकोनं आधीच ठरवलं होतं. हौद गळतोय, कदाचित बंद करावा लागेल, हे ऐकून त्यांच्या जिवाला घोर लागेल. म्हणून पाणबुडे नेहमीच्या सफाईला आलेत असं सांगितलं, आणि जे काही बोलायचं ते स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब जाऊन बोललं.

बघायचं काम सुनेकडे आलं. तिच्या डोळ्यांवर सगळ्यांचा भरवसा. दुसऱ्या दिवशी सासूबाई चालून झाल्या, कठड्याला धरून वर आल्या. तिनं त्यांना टॉवेल गुंडाळून घरात पोचवलं, आणि मग परत येऊन कठडा दोन्ही हातांनी घट्ट पकडून पायऱ्यांकडे वाकली. जेवढं बघणं भाग होतं तेवढंच बघितलं. बादलीतलं पाणी पट्टीला अगदी चिकटून, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. बाहेरची पट्टी मात्र उघडी पडली होती. हौद खाली गेला होता.

तिनं फोनवर तसं सांगितलं. पाणबुड्यांना ते पटेना.

“बादली अजिबातच नाही हलली, वहिनी? या वाऱ्यात?”

“अजिबात नाही.”

“नीट बघितलंत ना?”

“माझे डोळे तपासायचेत का?” सुनेनं विचारलं, आणि पाणबुडे नाही नाही म्हणत नरमले. आणखी एक दिवस बघा म्हणाले. आणखी एक दिवस बघितलं. बादली जागच्या जागी, हौद आणखी खाली.

संध्याकाळी पाणबुडे आले, तेव्हा मास्तर कडेला बसून होते. पाणबुड्यांनी सांगितलं की भिंती बघून झाल्या, नळ बघून झाले, आता उरला तळ. तळ फोडून बघावा लागेल. पण त्यांचं त्यांनाच ते पटत नव्हतं. तळातून एवढं पाणी जात असतं तर बागेत कुठंतरी ओल दिसली असती, गवत तरी हिरवंगार झालं असतं. इथं तर पाय आपटला की धूळ उडतेय.

मास्तरांनी तळ फोडायला साफ नकार दिला. फोडायचा, परत बांधायचा, आणि मग दुसरीकडून गळायला लागायचं. त्यापेक्षा बुजवून टाकू. ओळखीचा मातीवाला होता, शनिवारी ट्रक येईल, वर फुलझाडं लावू. सुनेनं विचारलं की आईंच्या चालण्याचं काय, तर म्हणाले घरात चालायचं यंत्र आणू. त्या यंत्रावर सासूबाई पाय ठेवणार नाहीत, त्याच्यावर दोन दिवसांत टॉवेल वाळत पडतील, हे दोघांनाही माहीत होतं.

“मलाही बरं वाटत नाहीये गं,” पाणबुडे गेल्यावर मास्तर म्हणाले. “पण रोज संध्याकाळी नळी धरून उभा राहतो, आणि रोज ते पाणी परत जातं. बाबा असते तर त्यांनी चुटकीसरशी काहीतरी केलं असतं. मला काही कळत नाही. रोज तेच नव्यानं समजतं.”

सून त्यांच्या पाठीवर हात फिरवत अरेरे म्हणाली. ते अरेरे खोटं नव्हतं. पण त्याच वेळी तिच्या आत कुणीतरी हळूच कमरेचा पट्टा सैल करावा तसं काहीतरी सैल झालं. बुजवलेल्या हौदात कुणाला उतरावं लागत नाही. पाणीच नसलं की पाण्यात एकटं सोडण्याचा प्रश्न येत नाही. रोज उजाडताना कानात वाजणारा तो आवाज फुलझाडांवर कशाला येऊन वाजेल? असं मनात आल्याबरोबर तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते सैलपण काही गेलं नाही.

गुरुवारी उजाडताना ती नेहमीसारखी खुर्ची घेऊन काठावर गेली. सासूबाई उतरल्या, काठी कठड्याला टांगली, ओठ नामात हलायला लागले. सुनेनं खुर्ची बागेकडे वळवली आणि विणकाम काढलं. दोन टाके घातले. मग तिच्या मनात आलं की आता थोडेच दिवस. परवापासून इथं माती असेल. ज्याची आपल्याला इतकी धास्ती होती ते एकदा तरी डोळे भरून बघावं. तिनं खुर्ची उचलली, फिरवली, आणि पाण्याकडे तोंड करून बसली.

तळ वर यायला लागलाच. तरी तिनं नजर हटवली नाही. सासूबाई चालत होत्या. पाणी त्यांच्या कमरेशी नुसतं दुभंगत होतं आणि मागे परत जुळत होतं. चेहरा असा, की जणू शेजारून अजूनही कुणीतरी चालतंय आणि त्याच्यासाठी थोडी जागा सोडायची आहे. सुनेला हे कधी दिसलंच नव्हतं. वर्षभर ती इथं बसली होती, आणि तिच्या वाट्याला फक्त बागेची भिंत आणि तोडलेल्या कुंपणाचे बुंधे आले होते.

फेऱ्या संपल्या. सासूबाई पायऱ्यांशी आल्या. कठड्याशी एक स्टीलचा पेला उपडा ठेवलेला होता, तो त्यांनी घेतला. हौदात बुडवला. बादलीत ओतला. परत बुडवला, परत ओतला, या वेळी थेंबाथेंबानं. मग वाकून, डोळे बारीक करून बादलीच्या आतली लाल पट्टी बघितली, राहिलेले दोन थेंब ओतले, आणि पट्टीच्या वर आलेला ओघळ अंगठ्यानं नीट पुसून घेतला.

सुनेच्या हातातली सुई घसरली आणि लोकरीचा गुंडा घरंगळत हौदाच्या कडेला जाऊन थांबला.

“आई,” ती म्हणाली, “हे काय करताय?”

सासूबाईंनी आधी पेला उपडा केला. पाखरांचं पाणी भरून झालं होतं, म्हणजे आता बोलायला हरकत नव्हती.

“का गं? पाखरांना पाणी. रोजच भरते.” त्या कठड्याला रेलल्या. “परळ फुटल्यापासून नुसती ताटलीच होती ना. मी मास्तराला विचारलं ही बादली कशाला, तर म्हणाला पाखरांसाठी ठेवलीय. मला बरं वाटलं. एवढ्या कामांत लक्षात ठेवलंन. रोज चांगली पेरभर खाली गेलेली असते. मग मी पट्टीपर्यंत भरून ठेवते. तेवढ्यासाठीच लावलीत ना तुम्ही?”

सुनेला एका क्षणात सगळं दिसलं. बादली हलत नव्हती, कारण बादलीला हलू दिलं जात नव्हतं. घाईघाईत शाळेला निघालेल्या मास्तरांनी तोंडाला येईल ते सांगितलं होतं, आणि या घरात पाखरांचं पाणी म्हटल्यावर पुढं काय होणार हे त्यांनाही सुचलं नव्हतं. पेरभर बादली वाळत होती. आणि हौद तरी रोज किती उतरत होता? पेरभरच. हौद गळत नव्हता. कदाचित पहिल्यापासून कधीच गळत नव्हता.

हे फक्त तिला माहीत होतं. सासूबाईंना नव्हतं, मास्तरांना नव्हतं, पाणबुड्यांनी तर आशा सोडली होती. शनिवारी ट्रक येणार होता. तिनं गुंडा उचलून गप्प बसायचं, बस्स. खोटं बोलायचंही कारण नव्हतं.

“आणि हे बघ,” सासूबाई टॉवेलसाठी हात पुढे करत म्हणाल्या, “परवा माती पडली की ही बादली इथून उचलाल. तेवढं आधीच एक नवं परळ आणून भिंतीवर मांड बाई. पाखरांना एकदा जागा कळली की ती तिथंच येत राहतात. येतील आणि पाणी नसेल, असं नको.”

“तुम्हाला मातीचं कसं कळलं?”

“मातीवाल्याचा फोन मीच घेतला की. कुठं टाकायची म्हणून विचारत होता.” त्या हसल्या. “तुम्ही दोघं माझ्यापासून एवढं लपवताय, तर मीही कळलं नाही असं दाखवते. तुमचा जीव कशाला टांगून ठेवू?”

इतकंच. कंबरेबद्दल शब्द नाही, काठीबद्दल नाही. सुनेनं टॉवेल पुढे धरला, आणि धरूनच ठेवला.

“आई, ती बादली पाखरांची नाही,” ती म्हणाली.

आणि मग तिनं सगळं सांगितलं. गळती, पिचकारी, दोन पट्ट्या, रोज वाकून बघणं. ऐकता ऐकता सासूबाईंनी आधी तोंडावर हात धरला, मग दोन्ही हात धरले, आणि मग हात सोडून देऊन त्या अशा हसायला लागल्या की त्यांच्याभोवती लाटा उठल्या. “म्हणजे अपराधी मीच? आणि मी रोज पट्टी पुसून घेतेय! देवा, देवा.” हसण्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तेही हौदातच पडलं.

त्या दिवशी मास्तरांना शाळेत फोन गेला. ते एक वर्ग संपवून दुसऱ्या वर्गाकडे निघाले होते. बायकोनं सांगितलेलं त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते एवढंच म्हणाले की मी बादलीबद्दल तसं म्हणालो होतो खरा, आणि फोन ठेवला. सुनेनं लाल पट्ट्या नव्यानं लावल्या. सासूबाईंसाठी दुपारी दुकानातून येताना नवं परळ आणलं आणि ते भिंतीवर मांडलं, म्हणजे पाखरांचंही अडायला नको.

शुक्रवारी सकाळी पाणबुडे स्वतः बघायला आले. मास्तर शाळेला उशिरा जाणार होते. चौघं पायऱ्यांशी वाकून उभे राहिले. बादलीतली पट्टी उघडी पडली होती, बाहेरची पट्टीही उघडी पडली होती, आणि दोन्ही अगदी बरोबरीनं.

पाणबुड्यांनी आनंदानं आपल्याच मांडीवर थाप मारली. रुग्ण ठणठणीत आहे, म्हणाले, याला नुसतं वारं लागलंय. पण मग मागच्या वर्षी का नव्हतं वाळत? पाऊसपाणी, ऊन, सगळं तर मागच्यासारखंच. ते उठले, कमरेवर हात ठेवून सगळीकडे फिरले, आणि पश्चिमेच्या कडेला त्यांना ते बुंधे दिसले. ओळीनं, जमिनीसरशी कापलेले. पलीकडे मोकळं मैदान. तिकडून येणारा वारा सरळ हौदावरून जात होता आणि पाण्यावर बारीक सुरकुत्या पाडत होता.

“इथं काय होतं?” त्यांनी विचारलं.

“कुंपण होतं,” सासूबाई म्हणाल्या. “यांनी लावलेलं. माणूस पलीकडून दिसायचा नाही इतकं दाट.”

“कुणी तोडलं?”

सगळ्यांनी मास्तरांकडे न बघण्याचा प्रयत्न केला. सासऱ्यांमागे हौदातली पानं काढण्याचं काम मास्तरांवर आलं होतं. रोज जाळी घेऊन पानं काढून काढून ते कंटाळले, आणि एका सुट्टीच्या दिवशी माणूस लावून त्यांनी सगळं कुंपण उतरवलं. पानं पडायची थांबली होती, हे खरं होतं.

“मास्तर,” सासूबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “तुम्ही ते चित्र काढता ना फळ्यावर? खाली पाणी, वर ढग, आणि मध्ये बाण?”

“काढतो,” मास्तर म्हणाले.

“त्यात वारा काढता की नाही?”

“काढतो, आई. दर वर्षी काढतो.” त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, आणि कितीतरी दिवसांनी हसले. “परीक्षेत विचारतोसुद्धा. पाणी लवकर कशानं वाळतं, कारणे द्या.”

पाणबुड्यांनी त्यांना नापास केलं आणि चहा मागितला. नवं कुंपण वाढेपर्यंत पाण्यावर पसरायला एक तरंगती चादर मिळते, बुडबुड्यांची, ती रात्री घालायची आणि सकाळी गुंडाळायची. ती आपण आजच आणून देतो म्हणाले. तळ फोडला असता तर मला जन्मभर झोप लागली नसती, असंही म्हणाले, आणि चहाबरोबर बिस्किटांचा पुडा संपवला.

मातीचा ट्रक मात्र शनिवारी आलाच. मास्तर त्याला थांबवायचं विसरले होते, आणि मातीवाला भरलेला ट्रक परत न्यायला तयार होईना. मग ती माती पश्चिमेच्या कडेला ओतून घेतली. मास्तरांनी बाह्या वर करून, बुंधे उकरून, दिवसभर खड्डे खणले, आणि रोपं लावली. गुडघ्याएवढीसुद्धा नव्हती ती. सासूबाई खुर्चीत बसून कोणतं वाकडं झालंय ते काठीनं दाखवत होत्या. संध्याकाळी मास्तर नळी धरून उभे राहिले, पण हौदाशी नाही, रोपांशी, आणि स्वयंपाकघरात सुनेला त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं.

रात्री अंथरूण घालताना तिनं कपाटाचा खालचा खण उघडला. तळाशी एक पिशवी होती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सासऱ्यांनी तिच्यासाठी पोहण्याचा पोशाख आणला होता. अंगभर, गडद रंगाचा, तिला संकोच वाटू नये असा बघून आणलेला. घडीही मोडली नव्हती. तिनं तो बाहेर काढून उशाशी ठेवला आणि कुणाला काही बोलली नाही.

उजाडताना सासूबाई हौदापाशी आल्या तेव्हा बुडबुड्यांची चादर गुंडाळून झाली होती. शुक्रवारी परत भरलेलं पाणी तिसऱ्या फरशीच्या मधोमधच होतं. भिंतीवरच्या परळाभोवती दोन चिमण्या घोटाळत होत्या. वेताची खुर्ची रोजच्या जागेवर नव्हती. मागे ओट्याला टेकवून ठेवलेली होती, आणि तिच्यावर टॉवेल होते, एक नाही, दोन.

सासूबाई पायऱ्या उतरल्या, काठी टांगली. मागे पावलं वाजली म्हणून वळून बघितलं. सून उभी होती, अनवाणी, तो गडद पोशाख घालून, एका हातानं नाक चिमटीत धरून. सासूबाईंचे ओठ नामात हलत होते, ते हलतच राहिले. त्यांनी फक्त कठड्यावरचा आपला हात थोडा पुढे सरकवला आणि मागे जागा करून दिली.

सुनेनं चष्मा काढून काठावर ठेवला. समोरचं सगळं निळं आणि पुसट झालं. तिनं नाकावरचा हात सोडला, कठडा धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.